विद्यार्थ्याची खुशाली

जुन्या मराठी पत्रांचा आरंभ ठरीव असे. आधी आपले क्षेम कळवावयाचे, मग समोरच्याने आपले कुशल लिहीत जावे अशी विनंती करावयाची, आणि त्यानंतर ‘विशेष’ म्हणून कामाचा मजकूर. राजाचे पत्र असो, सावकाराचे असो, की काशीस अध्ययनाला मुलगा पाठविलेल्या एखाद्या भिक्षुकाचे असो, हा क्रम सहसा चुकत नसे. आज आपण त्या शब्दांना निव्वळ शिष्टाचार समजतो. परंतु ज्याचा मुलगा शेकडो कोस दूर शिकत आहे, त्याच्या लेखी पत्रातला खरा मजकूर तोच असतो. मुलगा जेवतो का, झोपतो का, आजारात त्याच्याजवळ कोण बसते, हे कळल्यावाचून त्याने कोणता ग्रंथ संपविला याच्या वार्तेने घरच्यांचे समाधान होत नाही.

माझे अर्धे आयुष्य सरकारी कागदांत गेले आहे. विद्यार्थी परदेशी जाऊ लागला म्हणजे त्याच्या अर्जात वय, पदवी, पैशाची तरतूद, परवान्याची मुदत या सगळ्यांना रकाने असतात. त्याच्या खुशालीला रकाना नसतो. इतिहासाच्या पुस्तकांतही हाच प्रकार दिसतो. अमका बर्लिनला गेला आणि डॉक्टरेट घेऊन आला, असे एका ओळीत लिहिले जाते. मधली दोन-चार वर्षे तो माणूस कसा जगला हे त्या ओळीत येत नाही. जर्मन भाषेच्या मुलखात जाऊन शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत, ते याच मधल्या वर्षांविषयी. मात्र या कथेचा आरंभ जर्मनीत होत नाही. तो कावेरीच्या काठी, तिरुविडैमरुदूरच्या परिसरात होतो.

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याने सात-आठ किलोमीटर गेले की तिरुविडैमरुदूर लागते. संस्कृत क्षेत्रमाहात्म्यांत याचे नाव मध्यार्जुन. उत्तरेस श्रीशैलमचा मल्लिकार्जुन, दक्षिणेस ताम्रपर्णीकाठचे तिरुप्पुडैमरुदूर, आणि या दोहोंच्या मधले म्हणून मध्यार्जुन, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. महालिंगस्वामींच्या तेथील विशाल देवालयात हाती दिवा धरून उभ्या असलेल्या एका स्त्रीची धातूची मूर्ती आहे. भोसले घराण्यातील प्रतापसिंहाशी आपला विवाह व्हावा म्हणून अम्मणी नावाच्या त्याच्या मामेबहिणीने लक्षदीपांचा नवस केला आणि १८५३ साली तो फेडताना स्वतःचीच मूर्ती दीपधारिणी म्हणून देवापुढे उभी केली. तमिळ देशातल्या शिवमंदिरात मराठी राजकुलाची ही खूण कशी आली, या प्रश्नाचे उत्तर एका पदच्युत राजाकडे आपल्याला घेऊन जाते.

तो राजा म्हणजे अमरसिंह. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास जे राज्य स्थापिले, त्या गादीवर १७८७ पासून १७९८ पर्यंत अमरसिंह होता. गादी गेल्यावर पंचवीस हजार होनांच्या वार्षिक नेमणुकीवर तो तिरुविडैमरुदूरास येऊन राहिला आणि १८०२ साली वारला. त्याचा आणि त्याच्या वंशजांचा दरबार लहान होता, परंतु गुणांची कदर करणारा होता. घनम् कृष्ण अय्यरांसारखे गवई तेथे होते. नंदनार चरित्राचे कर्ते गोपालकृष्ण भारती यांनी हिंदुस्थानी संगीताचे धडे याच गावी घेतले. अमरसिंहाविषयी पुढे जे सांगावयाचे आहे ते ऐकताना त्याची ही दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी.

अमरसिंहाचा वडील भाऊ तुळजाराजे. त्यांची औरस संतती हयात राहिली नव्हती. मृत्यू जवळ आला असे दिसताच १७८७ साली त्यांनी भोसले कुळातीलच नऊ वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. हेच पुढचे सरफोजीराजे. मुलाचे काय होईल ही तुळजाराजांना चिंता होती. त्यांनी तंजावरात राहणाऱ्या ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला बोलावून घेतले आणि हा मुलगा आता माझा नसून तुमचा आहे, अशा अर्थाचे शब्द उच्चारून त्याला हाती दिले. ही हकीकत श्वार्ट्झनेच लिहून ठेविली आहे. श्वार्ट्झने एकट्याने पालकत्व पत्करण्यास नकार दिला. मुलाला राजवाड्यातल्याच कोणाचा आधार हवा, मी त्याला महिन्यातून एक-दोनदाच भेटू शकेन, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून मुलगा चुलत्याच्या, म्हणजे अमरसिंहाच्या हाती सोपविण्याचे ठरले. तुळजाराजे वारले. कंपनी सरकारने पंडितांचे मत घेतले, दत्तविधान अशास्त्र ठरले, आणि पालक म्हणून नेमलेला चुलता राजा झाला.

यानंतर त्या मुलाचे जे झाले ते श्वार्ट्झच्या पत्रांत आणि कंपनीच्या कागदांत नमूद आहे. तो राजवाड्यात कोंडल्यासारखा राहिला. त्याला मोकळी हवा आणि पुरेसा उजेड मिळेना, आणि वाचण्या-लिहिण्याची सोय तर नव्हतीच. हे कागद एका पक्षाचे आहेत. श्वार्ट्झला मुलाविषयी माया होती आणि कंपनीला तंजावरच्या कारभारात हात घालावयास निमित्त हवे होते, हे विसरता येत नाही. तथापि एवढे निर्विवाद आहे की गादीचा संभाव्य वारस वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी अक्षरशून्य राहावा यात कोणाचे तरी हित होते, आणि त्याला शिकविले पाहिजे असा आग्रह धरणारा मनुष्य परका होता.

हा आग्रह कोठून आला हे समजण्यासाठी श्वार्ट्झ स्वतः विद्यार्थी असतानाचे त्याचे दिवस पाहिले पाहिजेत. त्याचा जन्म १७२६ साली प्रशियातील झोनेनबुर्ग गावचा. विसाव्या वर्षी तो हाल्ले येथील विद्यापीठात दाखल झाला. त्या शहरात आउगुस्ट हेरमान फ्रांके याने १६९५ साली गरीब मुलांसाठी एक शाळा काढली होती. वाढत वाढत तिचे एक लहानसे नगरच झाले. त्यात अनाथालय होते, शाळा होत्या, औषधालय होते, छापखाना होता, आणि देशोदेशीचे शंख, खनिजे, प्राणी, नकाशे मांडून ठेविलेले एक संग्रहालय होते. विद्यापीठातल्या गरीब विद्यार्थ्यांना तेथे विनामूल्य जेवण मिळे. त्याच्या बदल्यात त्यांनी शाळेत लहान मुलांना शिकवावयाचे. आपल्याकडील माधुकरी आणि वार लावून जेवणे यांच्याशी या प्रथेचे नाते लगेच ध्यानात येईल. मात्र आपला विद्यार्थी सात घरी सात वारी जेवे, आणि हाल्लेचा विद्यार्थी एकाच पंक्तीला नियमाने बसे.

तरंगंबाडीच्या डॅनिश ठाण्यात १७०६ पासून काम करणारे मिशनरी बहुतांशी याच हाल्लेहून येत. श्वार्ट्झ तेथे शिकत असताना तरंगंबाडी-मद्रासेहून परतलेला बेंजामिन शुल्ट्झ हा हाल्लेत तमिळ ग्रंथांच्या छपाईच्या खटाटोपात होता. त्याच्याजवळ श्वार्ट्झने तमिळचे पहिले धडे घेतले आणि १७५० साली तो तरंगंबाडीस उतरला. पुढे तंजावरच्या राजाशी दुभाष्यावाचून बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. विद्यार्थ्याला अन्न, औषध, निश्चित दिनक्रम आणि डोळ्यांनी पाहता येतील अशा वस्तू दिल्याखेरीज विद्या येत नाही, हे तत्त्व त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते. त्यावर तो स्वतः वाढला होता. कोंडलेला मुलगा पाहून त्याला जे वाटले असेल त्याची कल्पना यावरून येते.

अखेर १७९३ साली सरफोजींना आणि तुळजाराजांच्या विधवा राण्यांना मद्रासेस हलविण्यात आले. तेथे विल्हेल्म गेरिके हा हाल्लेचाच दुसरा मिशनरी त्यांचा शिक्षक झाला. सरफोजी जर्मनीस कधीही गेले नाहीत. तरी आपल्या घरापासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, जर्मन गुरूंच्या हाताखाली, परक्या भाषेत, परक्या शिस्तीने शिकणारा तो मराठी मुलगा होता. त्याचा दिनक्रम परका झाला, परंतु त्याची चूल परकी झाली नाही. राण्या बरोबर होत्या, आपल्या आचाराप्रमाणे अन्न शिजत होते, घरात मराठी बोलली जात होती. मिशनऱ्याजवळ शिकूनही त्याने आपला धर्म सोडला नाही. हे धर्मांतर न करता झालेले शिक्षण दोन्ही पक्षांना भूषणावह आहे.

१७९८ साली कंपनीने पुन्हा पंडितांचे मत घेतले. अकरा वर्षांपूर्वी अशास्त्र ठरलेले दत्तविधान आता सशास्त्र ठरले. अमरसिंह तिरुविडैमरुदूरच्या वाटेला लागला आणि सरफोजी गादीवर आले. ते गादीवर येण्याच्या चार महिने आधी, फेब्रुवारीत, श्वार्ट्झ वारला होता. पुढे सरफोजींनी इंग्लंडातील जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. त्यात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झचा हात हाती घेतलेला राजा दिसतो. पण या उपकाराची दुसरी बाजूही आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीने घेतला. तंजावरचा किल्ला, वाडा, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राजाकडे उरले. विद्यार्थी सुशिक्षित झाला आणि राज्य गेले. ज्यांनी त्याला अंधारातून काढले त्यांच्याच पाठीमागे राज्य घेणारी सत्ता उभी होती. परक्याकडून विद्या घेताना असा हिशेब पुष्कळदा करावा लागतो.

सरफोजींच्या विद्येची फळे सर्वश्रुत आहेत. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला. नेत्ररोग्यांवर उपचार करून त्यांच्या डोळ्यांची चित्रे आणि टिपणे करून ठेविली. १८०५ साली देवनागरी छापखाना काढून इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. ‘देवेंद्र कुरवंजी’ रचून जगाचा भूगोल मराठी नाट्यगीतांत बसविला. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आला तेव्हा लव्हाझिए, लिनीयस, बुफाँ यांच्याविषयी सहज बोलणारा हा राजा पाहून तो चकित झाला. परंतु माझ्या मते या सगळ्यांहून मोलाचा एक कागद आहे, आणि त्याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो.

तो कागद म्हणजे सरफोजींनी १८०१ साली तंजावरच्या ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेले पत्र. तहाने मुलूख गेल्यावर रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांचे, म्हणजे पूर्वजांनी बांधलेल्या धर्मशाळांचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. या छत्रांत काय काय चालते हे राजाने त्या पत्रात सविस्तर सांगितले आहे. वाटसरूंना जातिभेद न पाहता अन्न मिळते, आजाऱ्याला औषध मिळते, बाळंतिणीची व्यवस्था होते. वेदांचे अध्यापक आहेत, पंतोजी आहे, वैद्य आहे. परमुलखातून आलेल्यांची जी मुले अनाथ होतात ती पंतोजीच्या स्वाधीन केली जातात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवू घालतात, चार दिवसांनी एकदा तेल लावतात, लागेल तेव्हा औषध देतात, वस्त्रे पुरवितात. ज्या विद्येची त्यांना आवड असेल ती विद्या शिकवितात, आणि ती पुरी झाली म्हणजे त्यांच्या विवाहाचा खर्चही करतात. ही व्यवस्था मोडू नये, एवढीच राजाची मागणी होती.

आपण जो रकाना शोधीत होतो तो या पत्रात भरलेला सापडतो. तीन वेळा अन्न आणि चार दिवसांनी तेल! असे बारकावे राजे लोकांच्या पत्रांत क्वचितच दिसतात. हे सारे सरफोजी हाल्लेच्या गुरूंकडून शिकले असे मात्र म्हणता येणार नाही. छत्रांची परंपरा त्यांच्या घराण्यातलीच होती. ज्या घराने परक्या अनाथाला तेल लावण्याची तरतूद केली, त्याच घरात स्वतःचा वारस काही वर्षे उजेडावाचून राहिला, हा त्यातला विषाद आहे. हाल्लेची पंक्ती आणि कावेरीकाठचे छत्र यांचा एकच अर्थ त्या राजाला कळला होता. कारण लहानपणी त्याने अभाव भोगला होता आणि नंतर आधारही अनुभवला होता. या पत्रातून विद्यार्थ्याच्या खुशालीची चार अंगे निघतात: पोटाला वेळेवर अन्न, दुखण्यात औषध, विचारपूस करणारा जबाबदार माणूस, आणि स्वतःच्या आवडीची विद्या निवडण्याची मोकळीक. शंभर वर्षांनी जे मराठी विद्यार्थी खरोखरच समुद्र ओलांडून जर्मनीत गेले त्यांचे दिवस आता या चार मापांनी मोजून पाहू.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन विद्यापीठांची कीर्ती आपल्याकडे दोन कारणांनी पोचली होती. एक तेथील संस्कृत-अध्ययन, दुसरे तेथील रसायन आणि इतर प्रयोगशास्त्रे. इंग्लंडला गेलेल्या विद्यार्थ्याला भाषेची अडचण नसे. जर्मनीला जाणाऱ्याला मात्र तेथे पोचल्यावर पुन्हा बालबोध गिरवावे लागे, आणि दोन-तीन वर्षांत त्याच भाषेत प्रबंध लिहावा लागे. विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजला गणित शिकून नंतर बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे गेले. शाकटायनाच्या व्याकरणावरचा त्यांचा प्रबंध जर्मनमध्ये आहे. पाठभेद पारखण्याची जी शिस्त त्यांनी तेथे अंगी बाणविली, तिचे फळ पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या रूपाने मिळाले.

भाषेनंतरची अडचण हवेची आणि उजेडाची. डिसेंबरच्या अखेरीस बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. कोकणातून किंवा कावेरीच्या खोऱ्यातून गेलेल्या माणसाला साडेसात-पावणेआठ तासांचा दिवस, तोही बहुधा ढगाळ, म्हणजे मोठीच शिक्षा. भाड्याच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवावयाची, तीही कोळशाचा भाव पाहून. जेवण म्हणजे राय नावाच्या धान्याची काळसर, आंबूस पाव-भाकरी, बटाटे, कोबी आणि मांस. शाकाहारी मनुष्याच्या वाट्याला यांतले पहिले तीन येत. भाताची आठवण होणे ही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हे. घरची आठवण पुष्कळदा जेवणाच्या वेळीच होते.

अन्नाच्या मापाने सर्वांत कठीण प्रसंग ओढवला तो शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्यावर. त्यांचा जन्म १८८४ सालचा, मालवणचा. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यासन त्यांना मिळाले आणि त्या तयारीसाठी १९१४ साली ते जर्मनीस गेले. त्याच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. हिंदी मनुष्य कायद्याने ब्रिटिश प्रजाजन, म्हणून जर्मनीच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचा. त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. ज्या साम्राज्याने त्यांना कधी बरोबरीचा नागरिक मानले नाही, त्या साम्राज्याचे नागरिक म्हणून त्यांनी ही शिक्षा भोगली. पुढे १९१६-१७ चा हिवाळा आला. ब्रिटिश आरमाराने समुद्र रोखलेला आणि बटाट्याचे पीक बुडालेले. जर्मन जनता जनावरांच्या चाऱ्याचे सलगम खाऊन जगली. त्या हिवाळ्याला तेथे आजही ‘सलगमांचा हिवाळा’ म्हणतात. अशा देशात राहून आघारकरांनी आडोल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशाच्या वनस्पतींवर प्रबंध पुरा केला आणि १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. पुण्यातील त्यांच्या नावाच्या संशोधनसंस्थेसमोरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

युद्ध संपल्यावर जर्मन विद्यार्थीही उपाशी होते. त्यातून तेथे एक मोठे काम उभे राहिले. १९१९ पासून विद्यापीठांच्या गावोगावी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून स्वस्त भोजनगृहे काढली, खोल्या मिळवून दिल्या, कर्जाऊ रक्कम देण्याची सोय केली. १९२१ साली ट्यूबिंगेन येथे या प्रयत्नांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. आज जर्मन विद्यापीठांत जी स्वस्त भोजनगृहे आणि वसतिगृहे चालतात त्यांचे मूळ या उपासमारीत आहे. फ्रांकेच्या हाल्लेतली पंक्ती दोनशे वर्षांनी सबंध देशाची झाली असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास, १९२१ च्या एप्रिलमध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. जर्मन भाषा ते कोलंबिया विद्यापीठात असतानाच शिकले होते, आणि स्वतःचा परिचय त्यांनी आपल्या हस्ताक्षरात जर्मनमध्ये लिहून दिला होता. परंतु लंडनमधील प्रबंध आणि बॅरिस्टरीचा अभ्यास त्यांच्यासमोर होता. व्याख्यानांना उपस्थिती नसल्यामुळे १९२२ च्या जानेवारीत बॉनच्या पटावरून त्यांचे नाव कमी झाले. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढणाऱ्या या विद्यार्थ्याच्या हकीकती महाराष्ट्राला परिचित आहेत. पैशाची तंगी इतकी की १९२३ साली प्रबंधाचे काम बाकी असतानाच त्यांना परतावे लागले, आणि तो त्यांनी मुंबईहून पुरा करून पाठविला. अशा बुद्धीच्या विद्यार्थ्याला छत्रातली तीन वेळांची पंक्ती मिळाली असती, तर देशाचा आणखी किती लाभ झाला असता!

विचारपूस करणारा माणूस आणि विद्येची मोकळीक ही उरलेली दोन मापे इरावती कर्वे यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतात. १९२८ च्या नोव्हेंबरात त्या बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी अण्णासाहेब कर्वे स्त्रीशिक्षणाचे अग्रणी. परंतु सुनेने परदेशी जाण्यास त्यांची संमती नव्हती. पती दिनकरराव मात्र ठामपणे पाठीशी उभे राहिले. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले. तेथील थंडी, भाषा, खोली, पैसा यांची त्यांना प्रत्यक्ष माहिती होती. परदेशी असलेल्या विद्यार्थ्याची खुशाली विचारणारा माणूस स्वतः त्या वाटेने गेलेला असणे हे भाग्य फार थोड्यांना लाभते. त्या वेळच्या बर्लिनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांचा बराच मोठा मेळा होता. ऊलांड रस्त्यावरील ‘हिंदुस्थान हाउस’ येथे आपल्याकडचे जेवण आणि आपल्याकडची माणसे भेटत. १९२९ पासून ए. सी. एन. नंबियार यांनी चालविलेली माहिती-कचेरीही नव्या विद्यार्थ्यांना मार्ग दाखवी.

इरावतीबाईंचे अध्ययन डालेम येथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली चाले. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमतेचा वंशाशी संबंध असावा, असा गुरूचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांपैकी काही जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या होत्या. मोजमापांतून असा कोणताही वांशिक भेद निघत नाही, असे त्यांनी आपल्या प्रबंधात लिहिले. चोविशीच्या आसपासची, परक्या भाषेत लिहिणारी, पदवीसाठी त्याच गुरूवर अवलंबून असलेली एक विद्यार्थिनी हे लिहिते, ही सामान्य गोष्ट नव्हे. तीन वर्षांनी नाझी सत्तेवर आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्या राजवटीत हे वाक्य लिहिणे कितपत शक्य झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कारण ती मोकळीक लवकरच नाहीशी झाली. रामचंद्र नारायण दांडेकर यांनी वैदिक मानवाविषयीच्या प्रबंधावर १९३८ साली हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळविली. तेथील भारतविद्येचे प्राध्यापक हाइनरिश त्सिमर यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या होत्या. एवढ्या कारणावरून त्याच १९३८ साली त्सिमर यांना अध्यापनातून दूर करण्यात आले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी देश सोडला. दांडेकर मायदेशी येऊन भांडारकर संस्थेच्या कार्यात रमले; त्सिमर मात्र परक्या भूमीवर, अमेरिकेत, १९४३ साली वारले. भोजनगृहे चालू होती, ग्रंथालये उघडी होती, शेगड्या पेटत होत्या. परंतु गुरूच सुरक्षित नव्हता. विद्यार्थ्याच्या खुशालीचे हे अंग केवळ अन्न आणि औषध मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटते.

आज परिस्थिती पुष्कळच पालटली आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी ठरली. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. आरोग्यविमा सक्तीचा आहे, म्हणजे औषधाचे माप कायद्यानेच भरले आहे. वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम आधीच बँकेत ठेवावी लागते आणि ती महिन्यामहिन्याने हाती येते. २०२४ साली ती ११,९०४ युरो ठरली. अन्नाचे माप अशा रीतीने हिशेबात बसविले आहे. तांदूळ, डाळ, मसाले मोठ्या शहरांत दुकानांत मिळतात. आईचा चेहरा रोज हातातल्या यंत्रावर दिसतो. आघारकरांच्या पिढीला ही सारी चैनच वाटली असती.

तरीही तिसरे आणि चौथे माप अर्जात बसत नाही. कर्ज काढून गेलेला मुलगा घरच्यांना काळजी नको म्हणून सर्व ठीक असल्याचे सांगतो. डिसेंबरचा अंधार, न मिळणारी खोली, न कळणारी व्याख्याने, हप्त्यांची धास्ती यांविषयी तो बोलत नाही. चेहरा दिसतो म्हणून खुशाली कळतेच असे नाही. आणि पुष्कळ वेळा जी विद्या तो शिकत असतो ती त्याच्या आवडीची नसून कर्ज लवकर फिटेल या हिशेबाने निवडलेली असते. इरावतीबाईंना गुरूच्या तर्कापुढे ठाम उभे राहता आले, त्याला त्यांची बुद्धी जितकी कारण झाली तितकेच घरून मिळालेले पाठबळही कारण झाले असावे, असे मला वाटते.

मुलाला परदेशी पाठविणाऱ्या आईबापांनी आणि त्याला निरोप देणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी म्हणून एक लहानसा नियम पाळण्याजोगा आहे. तेथे त्याच वाटेने गेलेला, वयाने चार-सहा वर्षे मोठा असा एक तरी मनुष्य निघण्यापूर्वीच शोधून ठेवावा, आणि त्याच्याकडे मुलाच्या गुणांची नव्हे, खुशालीची चौकशी करीत जावे. तुळजाराजांनी मरणाच्या दारात नेमके हेच केले होते. त्यांनी मुलासाठी जो पहिला माणूस निवडला तो परका होता, अन्य धर्माचा होता, आणि त्याने तेव्हा पूर्ण भार घेतला नाही. तरी पुढे उजेड आणला तो त्यानेच. तिरुविडैमरुदूरला गेलात तर महालिंगस्वामींच्या देवळातील ती दीपधारिणी अवश्य पाहावी. तिची कथा निराळी आहे, आणि तिच्या हातचा दिवा निराळ्या नवसाचा आहे. पण ज्या कुळातल्या एका मुलाला काही वर्षे उजेड मिळाला नव्हता, त्याच कुळाची ती आहे.